दिवसभर देवनागरीच वाचायची आहे, मॉनिटर कोणता घेऊ?

मुद्राराक्षसीण

नमस्कार. सांगलीत गावभागात राहते आणि घरूनच डीटीपी, मुद्रितशोधन करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, मधूनच कुणाचा तरी पीएच.डी.चा प्रबंध. १९९७ पासून हेच चाललंय. वय ५३, चष्मा प्रोग्रेसिव्ह.

सध्याचा मॉनिटर १८.५ इंची, १३६६ × ७६८ ठिपक्यांचा. २०१२ साली घेतला. २०१९च्या ऑगस्टात पाणी गल्लीत शिरलं तेव्हा सगळ्यात आधी तोच सतरंजीत गुंडाळून माळ्यावर नेला होता, कपाटातले कपडे नंतर. जीव आहे त्याच्यावर. पण आता त्याला रजा द्यायची वेळ आली, आणि त्याला कारण एक पत्रिका झाली.

मुहूर्त होता ११ वाजून १९ मिनिटांनी. छापून आला ११ वाजून ११ मिनिटांनी. तीनदा वाचली होती हो मी! टाइप करतानाच ९ चा १ झाला असणार, आणि माझ्या पडद्यावर छोट्या टायपात १ आणि ९ सख्ख्या जुळ्या भावांसारखे दिसतात. पत्रिका ७००. मुलीच्या मामांनी फोनवर काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पुन्हा छापल्या, कागद माझ्या खर्चाने. आमचे हे म्हणाले, "आठ मिनिटं अलीकडेच ना? एवढं वेळेवर कुठलं लग्न लागतं?" त्यांना मी त्या दिवशी दुसरा चहा दिला नाही.

तर आता सल्ले असे आहेत. दुकानदार म्हणतो, "मॅडम, २७ इंची फुल एचडी घ्या, अक्षर मोठ्ठं दिसेल." भाऊजी म्हणतात, ३२ इंची टीव्हीच लाव, तेवढ्याच पैशात येतो आणि मालिकाही बघता येतील. मुलगा पुण्याहून सांगतो, फोरके घे. बजेट अठरा हजार, त्यावर नाही. कॉम्प्युटर इंटेलच्या आय-थ्री प्रोसेसरचा, चौथ्या पिढीचा. मागे मॉनिटरच्या वायरीसाठी व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही तोंडं आहेत, मी आजवर व्हीजीएवरच चालवलंय. जुन्या गिऱ्हाइकांसाठी पेजमेकर (पानं लावायचा जुना प्रोग्रॅम) आणि श्रीलिपी (मराठी टाइपाचा) अजून सोडता येत नाही, हेही सांगून ठेवते.

मला सिनेमे बघायचे नाहीत, गेम खेळायचे नाहीत. अनुस्वार दिसला पाहिजे, आणि संध्याकाळी सहानंतर डोळे चुरचुरायला नकोत. बास.

विश्रामबागचा_वाघ

काकू, डोळे झाकून २७ इंची कर्व्ह्ड (वाकवलेला पडदा), १८० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १८० चित्रं. माझ्याकडे तोच आहे, एकदम लोणी. स्क्रोल करताना अक्षरं तुटत नाहीत.

मुद्राराक्षसीण

बाळा, डोळे झाकूनच घ्यायचा असता तर विचारलं कशाला असतं.

पोवईनाका_रिपेअर

ताई, साताऱ्यात मॉनिटर-टीव्ही दुरुस्तीचं काम करतो, बावीस वर्षं झाली. थोडं लांबण लागेल, पण तुमचं काम अक्षराचं आहे म्हणून नीट लिहितो.

पहिल्यांदा दुकानदाराचं घ्या. इंच म्हणजे नुसता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा तिरका माप. त्यात ठिपके किती बसवलेत ते कुणी सांगत नाही. तुमच्या १८.५ वर एका इंचात साधारण ८५ ठिपके येतात. २७ इंची फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८०, तिथे येतात ८२. म्हणजे दहा-बारा हजार घालून तुम्ही दोन पावलं मागंच गेलात. अक्षर मोठं दिसेल हे खरं, पण मोठं आणि फाटकं. तेच १०८० चं २४ इंचीवर ९२-९३ होतात. २७ इंचीवर २५६० × १४४० असेल, दुकानात त्याला क्यूएचडी किंवा टू-के म्हणतात, तर १०९. फोरके, म्हणजे ३८४० × २१६०, २७ ला १६३.

आता हे देवनागरीला का लागतं ते तुम्हाला मी काय सांगणार, पण इतरांसाठी सांगतो. इंग्रजी अक्षर बैठं घर आहे. आपलं तिमजली: वर वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि पाय मोडलेलं काहीतरी. कागदावर ९ पॉइंटाचा टाइप जेवढा दिसतो तेवढाच पडद्यावर ठेवला तर तुमच्या आत्ताच्या मॉनिटरवर त्या तिन्ही मजल्यांना मिळून उभे साडेदहा ठिपके मिळतात. त्यातला एक शिरोरेषेनं खाल्ला. 'कीर्तीं' मधली वेलांटी, रफार आणि अनुस्वार यांनी उरलेल्या दोन-तीन ठिपक्यांत दाटीवाटीनं बसायचं. क्यूएचडीवर साडेतेरा मिळतात. आकड्यात तीनच जास्त, पण डोळ्याला ते कळतं.

भाऊजींच्या टीव्हीबद्दल: ३२ इंची स्वस्तातले बहुतेक टीव्ही १३६६ × ७६८ चेच असतात. इंचाला ४९ ठिपके. सोफ्यावरनं बघायला ठीक, दोन फुटांवरनं जाळी दिसेल.

चिरंजीवांचं फोरके मात्र चुकीचं नाही. पुस्तकासारखं अक्षर येतं. पण २७ ला ते इतकं बारीक होतं की विंडोजचं स्केलिंग १५० टक्क्यांवर न्यावंच लागतं, म्हणजे सगळं दीडपट मोठं दाखवायला लावायचं. नव्या प्रोग्रॅमना ते समजतं. पेजमेकरला नाही समजत. मग विंडोज त्याचं चित्र काढून ते ताणतं, आणि तुम्ही ज्यासाठी पैसे घातले ते अक्षरच धुरकट. त्यात तुमच्या चौथ्या पिढीच्या कॉम्प्युटरच्या एचडीएमआयमधून फोरके निघालं तरी सेकंदाला ३० चित्रांच्या वर जाणार नाही, माउस ओढल्यासारखा वाटतो. तुमच्याकडे पेजमेकर आहे तोवर २७ इंची क्यूएचडी, स्केलिंग १०० टक्के. हेच.

फक्त आधी मदरबोर्डच्या कागदात बघा, एचडीएमआयवर जास्तीत जास्त रिझोल्यूशन, म्हणजे आडवे-उभे ठिपके, किती लिहिलंय. काही जुने बोर्ड १९२० × १२०० लाच थांबतात. तसं असेल तर २४ इंची फुल एचडी घ्या आणि उरलेल्या पैशात चष्मा करा.

आणि व्हीजीए सोडा आता. ती वायर अॅनालॉग आहे. ठिपका कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला हे मॉनिटरला अंदाजानं ठरवावं लागतं, म्हणून अक्षराला सावली येते. नवा येईपर्यंत जुन्याचं 'ऑटो' बटण एकदा दाबून बघा, पडद्यावर भरपूर मजकूर उघडून. माझ्याकडं लोक मॉनिटर बिघडला म्हणून घेऊन येतात, मी ते बटण दाबतो आणि पैसे घेत नाही.

पॅनेल, म्हणजे पडद्याचा प्रकार, आयपीएस घ्या. व्हीए हा दुसरा प्रकार वाईट नाही, त्याचा काळा जास्त काळा असतो, पण डोकं थोडं सरकलं की कडेचा रंग बदलतो. कर्व्ह्ड तुम्हाला नको. पत्रिकेची चौकट सरळ आहे का वाकडी यावर रोज स्वतःशीच भांडाल.

राहिलं डोळे चुरचुरणं. काही मॉनिटर उजेड कमी करताना मागचे दिवे खरोखर मंद करत नाहीत, सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. डोळ्याला दिसत नाही, डोक्याला कळतं. खोक्यावर 'फ्लिकर फ्री' लिहिलेलं असतं. तरी स्वतः बघा. दुकानात पांढरा पडदा लावा, ब्राइटनेस २०-२५ वर आणा आणि समोर पेन्सिल जोरात हलवा. पंख्यासारखी सलग पुसट पट्टी दिसली तर ठीक. वेगवेगळ्या चार-पाच पेन्सिली सुट्या दिसल्या तर तो खाली ठेवा.

विश्रामबागचा_वाघ

काका, पेन्सिलीची ट्रिक आत्ता माझ्यावर करून बघितली. सात पेन्सिली दिसल्या. 😐

पोवईनाका_रिपेअर

ब्राइटनेस वाढव, बहुतेक जातील. आणि अभ्यास कर.

अल्बमवाला_मिरज

मी लग्नाचे अल्बम डिझाइन करतो, त्यामुळे रंगापुरतंच बोलतो. मॉनिटर किती रंग दाखवतो त्याचं माप खोक्यावर असतं, तिथे 'एसआरजीबी ९९ टक्के' असं लिहिलेलं बघा. काही ठिकाणी 'एनटीएससी ७२ टक्के' लिहितात, घाबरू नका, साधारण तेच आहे. पण 'एनटीएससी ४५ टक्के' दिसलं तर मॉनिटर फिका. माझा पहिला तसलाच होता. हळदीच्या फोटोतला पिवळा पडद्यावर वरणासारखा दिसायचा म्हणून मी तो वाढवायचो, आणि लॅबमधून नवरी कावीळ झाल्यासारखी यायची.

ताई, पत्रिकेतला कुंकवाचा लाल छपाईत पडद्यासारखा कधीच येणार नाही, तो शाईचा प्रश्न आहे. पण एक करा. नवा मॉनिटर कारखान्यातून भगभगीत उजेड घेऊन येतो. त्याच्याशेजारी दिव्याखाली कोरा कागद धरा आणि पडद्यावरचं पांढरं त्या कागदाइतकंच दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. छपाई काळपट येते अशी तक्रार करणारे निम्मे लोक झगझगीत पडद्यावर काम करत असतात. डोळ्यांनाही बरं.

कराडचे_सर

ताई, माझा मुद्दा मानेचा. निवृत्तीच्या आधी चार वर्षं प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून निकालपत्रकं केली आणि मानेला पट्टा लागला. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. पडदा उंच असला की आपण नकळत हनुवटी वर करून खालच्या काचेतून बघतो, तासन्‌तास. सगळीकडे लिहिलेलं असतं की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. ते साध्या चष्म्यावाल्यांसाठी. आपल्याला पडदा त्याहून बराच खाली हवा आणि थोडा मागे कललेला.

म्हणून खाली-वर होणारा स्टँड बघूनच घ्या. स्वस्तातले बरेच मॉनिटर नुसते पुढे-मागे कलतात. उंची बदलत नाही आणि त्यांच्याखाली आपण आणखी जाडजूड शब्दकोश ठेवतो!

दुसरं, डोळे ते पडदा अंतर टेपने मोजा, ते चष्मेवाल्याला सांगा आणि तेवढ्याच अंतराचा वेगळा साधा चष्मा करून घ्या. माझं ६५ सेंटीमीटर आलं. कपाळावर आठी घालून वाचायची माझी सवय त्याने गेली, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

पोवईनाका_रिपेअर

सरांचं बरोबर. स्टँडचं लिहायचं राहिलं होतं. आणखी दोन गोष्टी, मग गप्प बसतो. खोकं दुकानातच उघडा, पडदा पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा करून बघा. एखाददुसऱ्या मेलेल्या ठिपक्यासाठी कंपन्या सहसा बदलून देत नाहीत, आणि तुमच्या धंद्यात पांढऱ्यावरचा मेलेला ठिपका म्हणजे फुकटचा अनुस्वार. बिल १८ टक्के जीएसटीचं पक्कं घ्या, त्यावर मॉनिटरचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीत माणूस घरी येणार की खोकं आपण घेऊन जायचं, ते आधीच विचारा. खोकं वर्षभर टाकू नका.

मुद्राराक्षसीण

सगळ्यांचे आभार. दोन आठवडे लागले, पण घेतला. वृत्तान्त देते, तुमचा हक्कच आहे.

आधी 'ऑटो' बटण दाबलं. बारा वर्षांहून जास्त तो मॉनिटर वापरला, ते बटण कशाचं आहे हे कधी विचारलं नव्हतं. पडदा दोन सेकंद थरथरला आणि अक्षरांमागची ती राखाडी सावली निम्मी झाली. मला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला.

मग पेनड्राइव्हवर एक पान घेतलं. एफोर, ९ पॉइंट, आणि त्यात सगळे माझे जुने वैरी: ब आणि व, घ आणि ध, भ आणि म, द्ध आणि ध्द, 'कीर्तीं', 'वर्षीं', आणि शेवटच्या ओळीत ११ व १९ आळीपाळीने दहा वेळा. सोबत एक फूटपट्टी, एक पेन्सिल. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, परीक्षा आहे काय?" म्हटलं, हो, तुझ्या मॉनिटरची.

पट्टी घेतली होती ती पान मोजायला. एफोर पान २९.७ सेंटीमीटर उंच. २४ इंचीचा पडदा उंचीला भरला साडेएकोणतीस आणि वर थोडं. म्हणजे खऱ्या मापाचं पान लावायचं तर मेनूच्या पट्ट्यांना जागाच नाही. २७ इंचीची उंची साडेतेहतीसच्या पुढे, रुंदी जवळजवळ ६०. शेजारी-शेजारी दोन अख्खी पानं खऱ्या मापात बसतात आणि वर दोन बोटं उरतात. एकीकडे मूळ प्रत, एकीकडे दुरुस्त. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं आणि माझ्यासाठी तेच सगळ्यात मोठं निघालं. आजवर मी पान मोठं करून चिंधी चिंधी वाचत आले, आणि मोठं केलं की ओळ दिसते पण पान हरवतं. मुहूर्ताची ओळ तेव्हा नुसती एक ओळ होती. पान समोर असतं तर वर पंचांगाचा मजकूर दिसला असता, त्यात १९ बरोबर होतं.

२७ इंची फुल एचडीवर आधी पान लावून घेतलं, दुकानदाराच्या समाधानासाठी. अनुस्वार चौकोनी दिसला. 'कीर्तीं'च्या डोक्यावर नुसता काजळाचा डाग. शेजारच्या क्यूएचडीवर तेच पान लावलं तर रफाराची कमान वेगळी, अनुस्वार वेगळा, आणि १ ची शेपटी खाली उतरताना दिसली. दुकानदार स्वतः वाकून बघायला लागले. मग म्हणाले, "आम्ही कधी मराठी लावून बघितलंच नाही. गाड्यांचा आणि पोपटांचा व्हिडिओ येतो तोच फिरवतो."

पेन्सिल तीन मॉनिटरांपुढे हलवली. एकावर पाच पेन्सिली. तो सगळ्यात स्वस्त होता, हेही लिहून ठेवते.

घेतला तो २७ इंची, २५६० × १४४०, आयपीएस, मॅट पडदा, खाली-वर होणारा स्टँड. १७,८०० रुपये, जीएसटीसकट. घरी आणून एचडीएमआयला लावला आणि पोटात गोळा आला: सगळी अक्षरं फुगलेली, धुरकट. विंडोजने आपल्या मनाने १९२० × १०८० लावलं होतं, आणि यादीत वरचा आकडा दिसेचना. बोर्डाच्या पुस्तकात तर तो चालतो असं होतं. मुलाला फोन केला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम) नवा टाकल्यावर २५६० × १४४० यादीत आला आणि पडदा एकदम निवळला. नदीचं गढूळ पाणी दिवाळीत निवळतं ना, तसा. नंतर विंडोजमधलं क्लिअरटाइपही (अक्षरांच्या कडा नीट करणारं) लावून घेतलं, ते 'यातलं कोणतं अक्षर ठळक दिसतं' असं पाच वेळा विचारतं. अक्षरं इंग्रजीच दाखवतं, पण चालायचं.

अल्बमवाल्यांचं ऐकून कागद शेजारी धरला. ब्राइटनेस शंभरवर होता, २८ वर आणला. सरांचं ऐकून स्टँड पार खाली बसवला, शब्दकोश परत कपाटात गेले. अंतराचा चष्मा टाकलाय करायला, माझे ६२ सेंटीमीटर आले. डोळे संध्याकाळी थकतात अजून, पण चुरचुर गेली.

गैरसोय एकच. काम खिडकीपाशी करते, आणि एवढा मोठा पांढरा पडदा म्हटल्यावर संध्याकाळी चिलटं येतात. काल एका प्रबंधात 'संशोधन' शब्दावर दोन अनुस्वार दिसले. एक निवडून खोडायला गेले, खोडला जाईना. दुसऱ्यांदा डिलीट दाबल्यावर तो उठून 'प्रस्तावना'वर जाऊन बसला.